चुकीच्या झाकणाखाली

मी एक चपटा किडा बोलतोय. कापून टाकलेल्या नखाएवढा लांब, रंगाने तपकिरी, अंगाने जिभेसारखा मऊ. कणा नाही, त्यामुळे ताठ मानेने बोलायचा प्रश्नच नाही, आणि सध्या तर मानही नाही. डोकं कापून तेरा दिवस झाले. तरी बोलतोय, कारण आमच्या जातीत तोंड डोक्याला नसतं, पोटाच्या मध्यावर असतं. तेव्हा जे सांगेन ते पोटातलं, एवढी खात्री बाळगा. कान नसताना ऐकतो कसा, हे मात्र विचारू नका. बिनडोक माणसांचं तुम्ही रोज मन लावून ऐकता, माझंही थोडं ऐकून घ्या.

मी जन्मलो नाही, तुटलो. आमच्यात अंगापिंडाने भरलेला किडा शेपटीने तळ घट्ट धरतो आणि पुढे ओढ घेतो. रबरासारखा ताणत जातो, ताणत जातो आणि मध्यावर तुटतो. पुढच्याला शेपटी फुटते, मागच्याला डोकं. आठवड्याभरात दोघेही पुरे होतात आणि आपापल्या वाटेने निघतात. बाप कोण आणि मुलगा कोण, हे कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे वारसाहक्काची भांडणं आमच्यात नाहीत. वाटणी मात्र रोजची.

माझं घर म्हणजे एका लॅबमधली प्लास्टिकची डबी. खोली लांबट, खिडक्यांना काळं कापड, भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर डब्यांवर डब्या. कोपऱ्यात बेसिन, त्याच्या शेजारी पाणी शुद्ध करणारं यंत्र. ते दिवसभर म्हाताऱ्यासारखं घसा खाकरत असतं. खोली बारा महिने गार ठेवतात. आमच्यासाठी.

एकदा कुणी बडे पाहुणे लॅब बघायला आले होते. डबीत डोकावून म्हणाले, "गटारातल्या किड्यांना एसी? आमच्या ऑफिसात पंखा नीट फिरत नाही."

डब्या सांभाळणारी ताई शांतपणे म्हणाली, "सर, तुमचं बोट तुटलं तर परत येतं का?"

"नाही बुवा."

"यांचं डोकं येतं."

पाहुण्यांनी दोन्ही हात खिशात घातले ते खोलीबाहेर जाईपर्यंत काढले नाहीत.

ही ताई म्हणजे इथे पीएचडीच्या पदवीसाठी काम करणारी मुलगी. मुलगी म्हणतो, पण तिशीला टेकलेली. तीन वर्षं तिने आम्हाला भरवलं, आमचं पाणी बदललं, आम्हाला कापलंही तिनेच. कापण्याबद्दल माझ्या मनात राग नाही. माझ्यासारख्याला कापणं म्हणजे तुम्हा लोकांचे केस कापण्यासारखं. पहिल्यांदा तिने मला कापलं तेव्हा दोन दिवस जखमेच्या जागी नुसती खाज होती. मग एक पांढरा कोंब आला आणि सातव्या दिवशी त्यात काळे दोन ठिपके उघडले. तेच माझे डोळे. त्यांना अक्षर दिसत नाही, चेहरा दिसत नाही, फक्त उजेड आणि सावली कळते. पण नवे डोळे उघडण्यासारखं सुख नाही, आणि ते मी आयुष्यात चार वेळा घेतलंय.

शेजारच्या डबीत एकाला चुकून दोन डोकी आली होती, एक पुढे आणि एक मागे. दोन्ही डोक्यांना उजेडापासून पळायचं असे, पण दोन वेगवेगळ्या दिशांना. बिचारा जागच्या जागी ताणला जाई. ताई त्याला भागीदारीची कंपनी म्हणायची.

हे डोकं परत येतं कसं, ते मला ठाऊक नव्हतं. आपलं पोट कसं चालतं हे तुम्हाला तरी कुठे ठाऊक असतं? मला ते कळलं भांडी धुणाऱ्या मावशींमुळे. लॅबमधली काचेची भांडी, बाटल्या, डब्या धुणं हे मावशींचं काम, आणि प्रश्न विचारणं ही त्यांची सवय.

"ताई, तीन वर्षं झाली. या किड्यांत तुम्ही शोधताय तरी काय?"

"मावशी, यांच्या अंगात एक वखार असते. तिथे कोऱ्या पेशी पडून असतात. डोळा व्हायचं, की कातडी, की आतडं, हे त्यांचं अजून ठरलेलं नसतं. कुठे तुटलं-फुटलं की तिथून माल निघतो आणि हवं ते तयार होतं."

"मग झालं की. शोधलंत तुम्ही."

"ते जुन्या लोकांनी शोधलं. मी बघते त्या वखारीतल्या चिठ्ठ्या. छोटे आरएनए म्हणतात त्यांना. पेशीत मोठमोठे हुकूम फिरत असतात, हे बनवा, ते बनवा. त्यांतले काही हुकूम खोडसाळ असतात, जुने, कुठेही घुसून मोडतोड करणारे. या छोट्या चिठ्ठ्या त्यांना शोधून फाडतात. म्हणून वखारीतला माल सडत नाही."

"म्हणजे वॉचमन."

"वॉचमनच. आता या चिठ्ठ्या आधी लांब असतात. एक कात्री त्यांना नेमक्या मापाची कापते. माझं म्हणणं असं, की ती कात्री बंद पडली तर चिठ्ठ्या कामाच्या राहत नाहीत, माल सडतो आणि डोकं परत येत नाही."

"मग पाडा की बंद."

"पाडतेच आहे. खाण्यातून."

गंमत अशी, की ती कात्री बंद पाडण्यासाठी खाण्यात जे घालतात, त्याच्याही पोटात गेल्यावर छोट्या चिठ्ठ्याच होतात, आणि त्या जाऊन कात्रीचा हुकूम फाडतात. घरच्याच माणसाकडून घर फोडायचं. ताईला हे सांगताना हसू यायचं. मला तेव्हा आलं होतं, आता येत नाही.

तर दोन डब्या भरल्या गेल्या. प्रत्येकीत वीस किडे. एका डबीला यकृताचा लगदा साधा, दुसरीला तोच लगदा पण कात्री बंद करणारा. रंग तोच, वास तोच. मी दुसरीत होतो. तीन आठवड्यांत सहा वेळा खाणं आलं आणि मी सहाही वेळा पोटातली नळी बाहेर काढून भरपेट ओढलं. कुणी काय कालवलंय, हे भुकेल्याला कळत नाही.

डब्या दिसायला सारख्या, म्हणून ताईने खूण केली होती. बंद खाण्याच्या, म्हणजे कात्री बंद करणाऱ्या खाण्याच्या, डबीवर मार्करने जाड फुली, साध्या खाण्याच्या डबीवर गोल. मावशी म्हणाल्यासुद्धा, "काय ताई, फुली-गोळा खेळताय का?"

पण खूण कुठे केली, ते महत्त्वाचं. या खोलीत सगळेच झाकणावर लिहितात. डबीच्या अंगावर लिहिलं तर पाणी बदलताना ओल्या बोटांनी पुसलं जातं, आणि तळावर लिहिलं तर मायक्रोस्कोपखाली मध्ये येतं. मोठ्या मॅडम, म्हणजे या लॅबच्या प्रमुख, महिन्यातून एकदा सांगायच्या, "झाकणाला पाय असतात, डबीवर लिहीत जा." सगळे मान डोलवायचे आणि झाकणावर लिहायचे. मॅडमच्या स्वतःच्या जुन्या डब्यांचीही झाकणंच रंगलेली, असं ताई म्हणायची.

वर दिवा लागला की त्या फुलीची सावली आमच्यावर पडायची. दोन काठ्या एकमेकींवर टाकल्यासारखी. तीन आठवडे त्या काठ्यांखाली मी जगलो.

कापायच्या आदल्या दिवशी ताई पाणी बदलत होती. दोन्ही झाकणं काढून तिने टेबलावर पालथी ठेवली. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला.

"हो गं आई. नाही, जेवले नाही अजून. संपतंय गं, या महिन्यात संपेल. नाही, पुढच्या महिन्यात नाही म्हटलं. हो, त्यांना सांग येईन लग्नाला. अगं पण आत्ता माझे हात ओले आहेत."

तिने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि एका हाताने झाकणं लावली. दिवा लागला. माझ्या अंगावर काठ्या पडल्या नाहीत. एक वाटोळी रेघ पडली.

मी भिंतीवर चढलो. झाकणाला जाऊन चिकटलो, खाली पडलो, परत चढलो. बाकीच्यांनाही काहीतरी खटकलं असावं, आमची बरीच धावपळ झाली. ताईने वाकून पाहिलं आणि फोनवर म्हणाली, "हो गं, ऐकतेय. हे आज जरा जास्तच खुशीत आहेत, एवढंच."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तिने आम्हाला बर्फावर ठेवून मंद केलं आणि पातं फिरवलं. आधी फुलीखालचे वीस, मग गोलाखालचे वीस.

दोन दिवस नेहमीसारखी खाज आली. तिसऱ्या दिवशी ती थांबली. जखम मिटली आणि गप्प बसली. हे कसं सांगू? दुकान उघडून बसावं, हाक मारावी, आणि आतल्या खोलीतून कुणी उठूच नये. नोकर आत आहेत, त्यांचा श्वास ऐकू येतोय, पण कुणी उठत नाही. मी आतल्या आत हाका मारत राहिलो. सवयीने पुढे जायला बघायचो, आणि पुढे ही बाजू कुठली तेच कळायचं नाही.

सातव्या दिवशी ताईने दोन्ही डब्या मायक्रोस्कोपखाली धरल्या. फुलीखालच्यांना डोळे आले होते, वीसच्या वीस जणांना. गोलाखालचे आम्ही बिनडोक होतो आणि आमच्यातले सहा विरघळून गेले होते. तिने डब्या खाली ठेवल्या, परत घेतल्या, परत ठेवल्या. मग मॅडमना बोलावलं.

मॅडम दोन्ही डब्या तपासून म्हणाल्या, "हे बघ. तुझ्या बंद खाण्यावरचे सगळे वाढले. म्हणजे तुझ्या कात्रीची गरज नाही. आणि साधं खाऊन मेले, म्हणजे डबीत काहीतरी घाण गेली. दोन्हीकडून गेलं हे."

"मॅडम, झाकणं उलट लागली असतील तर?"

"लागली का?"

"माहीत नाही."

"तुला जे हवं होतं ते उलटं आलं, आणि आता झाकणं उलटी लागली म्हणतेस. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

ताईने मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला.

"अगं, तुझी मुदत या महिन्यात संपते. टेबल पुढच्याला द्यायचंय. जे निघालं ते लिहून टाक. गरज नाही, असं लिही. नकाराचंही लिहायचं असतं."

म्हणजे तीन वर्षांनंतर कागदावर उमटणार होतं ते खोटं. ते खोटं आहे, हे साऱ्या इमारतीत फक्त मला ठाऊक होतं, आणि माझं तोंड एका लगद्याच्या गोळीएवढं.

मॅडम गेल्यावर मावशी भांडी घ्यायला आल्या. ताईचा चेहरा बघून त्यांनी सगळं विचारून घेतलं.

"मग यात रडण्यासारखं काय? झाकणं बदललीत ना? परत बदला. कोण बघतंय?"

"बदलली का ते माहीत नाही ना, मावशी."

"तुम्हाला वाटतंय ना?"

"मला वाटणारच. तीन वर्षं मला तेच वाटतंय."

मावशी बादली घेऊन गेल्या. ताईने दोन्ही झाकणं काढली. दोन्ही हातांत धरून ती किती वेळ तशीच बसली. मी माझ्या उरल्यासुरल्या अंगाने एकच म्हणत होतो, बदल. बाई गं, बदल, ते खरंच आहे. आयुष्यात मी कुणाला खोटं करायला सांगितलं नाही, आणि तेव्हाही सांगत नव्हतो. पण तिच्या बाजूने ते खोटंच होतं, आणि माझ्या बाजूचं तिला दिसत नव्हतं.

तिने फुली फुलीच्या जागी ठेवली, गोल आमच्यावर ठेवला. तिच्या हाताचा मला जन्मात एवढा राग आला नव्हता. आणि खरं सांगायचं तर एवढा मानही कधी वाटला नव्हता.

ती उठून थेट मॅडमच्या खोलीत गेली. परत आली तेव्हा मावशींना म्हणाली, "एक चाचणी करायची परवानगी मिळाली. दोन्ही डब्यांतले पाच-पाच किडे कुटायचे आणि आतल्या चिठ्ठ्यांची लांबी यंत्रावर बघायची. या गोलाखालच्यांच्या चिठ्ठ्या लांब निघाल्या, तर यांचीच कात्री बंद होती. मग मॅडम मुदत वाढवून मागतील आणि मी सगळं पहिल्यापासून करीन."

"मग कुटा की आत्ताच."

"कुटताना घालायचा द्रव संपलाय. शेजारच्या लॅबनेही हात वर केले. नवी बाटली सोमवारी येईल."

"तोवर फ्रीजात टाका."

"नुसतं गोठवून भागत नाही. वितळताना चिठ्ठ्यांचा चोथा होतो. मेलेला किडाही चालत नाही, तासाभरात आत काही उरत नाही. पाच हवेत, आणि जिवंत हवेत. चार असले तर मापात येत नाही."

त्या दिवशी, म्हणजे कापल्यानंतरच्या मंगळवारी, आम्ही चौदा होतो.

ताईने आमच्यासाठी काय नाही केलं. पाणी दिवसातून दोनदा बदललं. डबी सर्वांत गार कोपऱ्यात नेली. पाणी बदलताना ती ड्रॉपर इतका हळू फिरवायची की लाट उठायची नाही. पण आम्हाला जे हवं होतं ते पाण्यात नव्हतं. आम्ही कडेने आत वळू लागलो, वाळलेल्या पानासारखे. एकेक जण पोटाकडे मुडपून जाई आणि सकाळी त्याच्या जागी धुकं असे. शुक्रवारी नऊ. शनिवारी सात. ताईने आईला फोन करून सांगितलं की लग्नाला जमणार नाही. आई काय म्हणाली ते कळलं नाही, ताई नुसतं "हो" म्हणत होती.

रविवारी सुट्टी असूनही ती आली. पाच मोजले आणि खुर्ची ओढून डबीसमोर बसली. काही करत नव्हती, करण्यासारखं काही नव्हतंच. मीही काही करत नव्हतो. आयुष्यभर मला वाटायचं की माझं शरीर माझं ऐकतं. त्या दिवशी कळलं, की आतल्या त्या एवढ्याशा चिठ्ठ्या ऐकत होत्या म्हणून माझं चालत होतं. त्यांना कधी विचारलं नव्हतं, नाव माहीत नव्हतं, आणि आता बोलवायचं कसं तेही कळत नव्हतं.

सोमवारी सकाळी अकराला बाटली आली. मॅडम स्वतः येऊन उभ्या राहिल्या. ताईने आधी दुसऱ्या डबीतले पाच उचलले. ते चांगले टुणटुणीत, नव्या डोळ्यांनी पळत होते. मग आमची डबी मायक्रोस्कोपखाली आली.

"एक. दोन. तीन. चार." तिचा आवाज थांबला.

"पाचवा?"

"हा आहे, मॅडम."

पाचवा म्हणजे मी. मी पुरता मुडपलो होतो.

"गेलाय तो. चारांत होत नाही, तुला माहीत आहे."

"कडा अजून घट्ट आहेत त्याच्या. एक मिनिट थांबा."

तिने ड्रॉपरने माझ्या अंगावर पाण्याची एक बारीक फुंकर मारली. मला ती कळली. कळणं आणि हलणं यांत किती अंतर असतं, ते मला तेव्हा मोजता आलं. मी प्रयत्न केला. काही झालं नाही. परत केला. मॅडमनी घड्याळ बघितलं, ते मला त्यांच्या बांगडीच्या आवाजावरून कळलं.

तिसऱ्यांदा माझी एक कड सुटली. केसभर.

"मॅडम, हलला."

"पाण्याने हलला असेल."

"पाणी केव्हाच थांबलंय. तुम्ही बघा."

मॅडमनी चष्मा वर सारला आणि डोळा लावला. त्या बघत असताना मी काय करावं? जे जमलं तेच पुन्हा केलं. एवढ्याशा कामात माझा सगळा दिवस गेल्यासारखा वाटला.

मॅडम सरळ झाल्या. ताईकडे न बघता म्हणाल्या, "घे. लवकर घे."

आता मी बर्फात रोवलेल्या एका नळीत आहे. आम्ही पाच जण एकमेकांना टेकून पडलोय. वर ताई बाटलीचं बूच उघडतेय, त्याचा उग्र वास इथपर्यंत आलाय. हातात कुटायची छोटी दांडी आहे.  

मला कितीदा तोडलं, मी परत झालो. या खेपेला होणार नाही. तक्रार नाही, भीती मात्र आहे. मला बोलता आलं असतं तर तिची तीन वर्षं एका वाक्यात सांगून मोकळा झालो असतो. ते जमलं नाही. आता मला दळल्याशिवाय माझं म्हणणं बाहेर येणार नाही, आणि ते यंत्राच्या कागदावर उमटेल तेव्हा ऐकायला मी नसेन. चिठ्ठ्या लांब निघतील, असं मला वाटतं. पण वाटण्याचं काय घेऊन बसलात, या खोलीत त्याला किंमत नाही, आणि ते बरोबरच आहे.

तुमच्याकडे एकच मागणं. कधी या बाजूला आलात आणि ती भेटली, तर मला आधीपासून माहीत होतं, हे तिला सांगू नका. कागद तिच्या हातात पडू द्या. तिला ते पहिल्यांदा कळू द्या.